उजवीकडची खालची

आडनाव दातार. तुम्ही हसा,
फोनवरच्या बाईला त्यातलं काही कळणार नव्हतं.
तिनं तीनदा स्पेलिंग विचारलं, मग म्हणाली,
नवीन पेशंट घेत नाही आम्ही, दोन वर्षं झाली.
लोस्टॉफ्ट. देशाचं पूर्वेचं टोक.
सूर्य इथे सगळ्यांच्या आधी येतो,
दातांचा डॉक्टर येतच नाही.

रात्रपाळीत माझ्याकडे अकरा जणांच्या कवळ्या.
नावाची चिठ्ठी लावलेली डबी, कोमट पाणी, मऊ ब्रश.
बोटाला गॉज गुंडाळून हिरड्या पुसायच्या,
गालात अडकलेला पावाचा तुकडा काढायचा.
मिस्टर थर्टल कधीकधी चावतात, बिनदातांचे.
अकरा तोंडं स्वच्छ झाली की तीन वाजता
माझा चहा. साखर दोन चमचे, बुडवायला बिस्किटं.
साडेचारला परत.
सातला घरी, बूट घालूनच आडवी.
झोपण्यापूर्वी दात घासावेत म्हणतात,
पण खिडकीत एवढं ऊन असताना
झोपण्यापूर्वी म्हणजे नेमकं कधी?

सिमेंट मार्चमध्येच पडलं होतं.
जीभ सारखी तिथे जायची,
पडक्या कुंपणातून डोकावणाऱ्या पोरासारखी.
मी डाव्या बाजूनं जेवायला शिकले.
आईला सांगितलं नाही. माझ्या लहानपणी
चिक्की आणि गोळ्यांवरून
तिनं दाताच्या कण्या केल्या होत्या.

जूनमध्ये ठणका लागला. लवंग धरली.
कानापर्यंत कुणी तार ओढतंय,
गार पाणी वैरी, गरम पाणी वैरी.
आणि एका गुरुवारी दुखायचं थांबलं.
एकदम.
मी बांगडे आणले, तळले, दोन्ही बाजूंनी जेवले.
वाटलं, बरं झालं.
बरं झालं नव्हतं.
आत जे ओरडत होतं ते मेलं होतं,
आणि त्या मेलेल्याच्या घरात
कुणी गुपचूप बिऱ्हाड थाटलं होतं.

अकराव्या दिवशी गाल डोळ्यापर्यंत आला.
हेल्पलाइनवरचा मुलगा विचारत होता,
गिळता येतंय का? श्वास घेता येतोय?
डोरीन अटिंग, वय त्र्याण्णव, पलंगावरून बघत होती.
म्हणाली, माझे सगळे एकोणिसाव्या वर्षी काढले.
वडिलांनी पैसे दिले, लग्नाआधी,
पुढे नवऱ्याला खर्च नको म्हणून.
सगळे? मी विचारलं.
सगळे. चांगलेसुद्धा.
मला हुंडा हा शब्द तिला समजावता आला नसता,
आणि समजावायची गरजही नव्हती.

नॉरिचला योआना नावाची डॉक्टर.
एक्स-रेवर मुळाच्या टोकाशी मसुराएवढा काळोख.
नुसत्या गोळ्यांनी सूज उतरेल, ती म्हणाली,
आतला भाडेकरू जाणार नाही.
तिनं दाढेत वाट केली.
तोंडात जे आलं त्याची चव मी लिहीत नाही,
पण डोक्यातून एक पोतं उतरलं, आणि मी रडले.
काढायची तर आज, ठेवायची तर तीन खेपा.
दातार म्हणजे देणारे, असं आजोबा सांगायचे.
मी दिली नाही.

निघताना ती म्हणाली, पेस्ट थुंका, चूळ भरू नका.
आमच्याकडे चूळ भरल्याशिवाय ताटावरून उठत नाहीत हो.
जेवल्यावर खुशाल भरा,
पेस्टनंतर नको. राहू दे थोडी दातांवर.

आता तीनचा चहा बिनसाखरेचा.
वाईट लागतो. सवय होईल म्हणतात, अजून झालेली नाही.
सहा महिन्यांनी तपासणी, तारीख फ्रीजवर चिकटवली आहे.
कुणाला बोल लावू, आपलेच दात, आपलेच ओठ.
सातला घरी येते, बूट काढते,
आणि कोवळ्या उन्हात, दोन मिनिटं,
झोपण्यापूर्वीचे दात घासते.
सगळ्यात मागची, उजवीकडची, खालची.
मेलेली आहे. तिला काही कळत नाही.
तिच्याजवळ ब्रश थोडा जास्त थांबतो.